मखरातील पोकळी

गणेशचतुर्थी जवळ आली की मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न आराशीचा निघतो. एका गावी कीर्तनास उभा असता मी सहज विचारले, "मखर सुरेख आहे, कोणी केले?" उत्तर आले, "बुवा, भाड्याने आणले." ते उत्तर मनात सलत राहिले. २०१८ साली राज्य शासनाने थर्माकोलच्या आराशीवर बंदी घातली; परंतु त्या जागी दुसरी विकतची वस्तू आली. वस्तू पालटली, वृत्ती पालटली नाही.

ज्या कर्जत तालुक्यात सिद्धटेकचा सिद्धिविनायक नांदतो, त्याच तालुक्यातील मिरजगावच्या भाविकांपुढे म्हणून एक नम्र सूचना ठेवतो. जुन्या वर्तमानपत्रांच्या हातभर लांब, घट्ट वळलेल्या ९६ नळ्या कराव्यात. चार नळ्यांचा चौकोन दाबताच कलतो. तीन नळ्यांचा त्रिकोण ढळत नाही. सहा नळ्या सुतळीने बांधल्या की चार त्रिकोणी बाजूंचा मनोरा उभा राहतो. असे तीन खाली व एक वर, टोकाला टोक बांधले की २४ नळ्यांचा दुप्पट उंच मनोरा होतो. चार आळ्यांनी असा एकेक मनोरा आणावा आणि मंडपात ते चारही त्याच रीतीने जोडावेत. एका आळीची गाठ सैल राहिली तर सर्वांचाच मनोरा कलेल, हे ध्यानी असावे.

हे नवे खूळ नव्हे. श्येनचितीत विटांचे पाच थर, प्रत्येक थरात २०० विटा. आणि खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ द्यावयाचा नाही, हा शुल्बसूत्रांचा दंडक. आपली भूमिती वेदीपाशीच वाढली.

कोणी म्हणेल, देवापुढे रद्दी? शंका रास्त आहे. परंतु मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्रव्यशुद्धीचा विचार आहे. मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते असे तेथे सांगितले आहे. वापरलेले ते सारेच त्याज्य, असे शास्त्र म्हणत नाही. उष्टे वा पायदळी आलेले कागद मात्र वगळावेत, आणि समई कागदापासून दूर ठेवावी.

चार मनोरे जुळले की मध्ये एक पोकळी आपोआप राहते. ती कोणत्याही आळीने बांधलेली नसते, आणि चौघे आल्यावाचून ती होतही नाही. चौरंग मांडून गजानन तेथेच बसवावा.