मुरुमे, प्रकाशोपचार आणि घाई

लग्नाची तिथी ठरली की मुलीच्या चेहऱ्यावरील मुरुमे घरातील सर्वांना खुपू लागतात आणि प्रकाशोपचाराची घाई सुरू होते. या उपचाराचे स्वरूप आधी समजून घेणे हिताचे.

सुमारे ४१५ नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश मुरुमांतील जिवाणूंनी निर्माण केलेल्या पॉर्फिरिन या द्रव्यावर कार्य करतो व त्यायोगे ते जिवाणू मरतात. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावून रुग्ण काही मिनिटे दिव्यासमोर बसतो. सहसा वेदना होत नाहीत. अनेक बैठकांनंतर लाल, सुजलेली मुरुमे कमी होतात. मात्र खोल गाठी आणि व्रणांचे खड्डे त्याने जात नाहीत. उपचार थांबताच मुरुमे परतूही शकतात. रुग्णांची निराशा होते ती बहुधा येथेच.

तीव्र प्रकाशझोत व लेसर यांचा अनुभव निराळा. रबराचा फटका बसावा तशी चुणचुण होते, काही काळ लाली राहते. सावळ्या त्वचेवर मात्रा चुकल्यास भाजून काळे डाग पडतात आणि ते कित्येक महिने टिकतात.

म्हणून समारंभाच्या काही महिने आधीच त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. ऐन तोंडावर नवा प्रयोग टाळावा. आरशापुढे आधीच खिन्न होणाऱ्या मुलीला घरच्यांनी तरी चेहऱ्यावरून बोलू नये.