गोदामाचा ओटा पोरांना द्या

आपल्या वऱ्हाडातलं शिकलेलं पोरगं अमरावती-अकोल्याच्या नोकरीकडे डोळे लावून बसतं. आम्ही म्हणतो, लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे पहा. १८८८ साली त्यांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले. तेच हात पुढे लोखंडी नांगर घडवू लागले. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तीही औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर. जागेचा आधार असा कामी येतो.

सोसायटीच्या गोदामाचा ओटा बरेच दिवस रिकामाच असतो. तो दोन पोरांना सायकल दुरुस्तीसाठी मिळून द्या. पंप-पान्हे सामाईक, हिशेबाची वही मात्र ज्याची त्याची. भाडे थोडे घ्या, पण घ्याच; फुकटाची जागा कोणी मनापासून झाडत नाही. ओटा उद्याही राहील, पोरांची गेलेली वर्षं परत येणार नाहीत. येत्या सभेत ठराव मांडा.