"तो काय, साथीला!"

परवा रिलीजच्या नावाखाली रात्री ऑफिसात अडकलो होतो. बिल्ड चालू, कानात बीथोवनचा ए मेजरमधला चेलो सोनाटा. शेजारच्या मित्राने एक इअरफोन ओढून कानात घातला. "मस्तच रे! चेलो कोण वाजवतंय?" म्हटलं, रोस्त्रोपोविच. मग मीच विचारलं, "आणि पियानो?" तर हा म्हणतो, "तो काय, साथीला!"

झालं! माझं डोकं सटकलं. पियानोवर स्वियातोस्लाव रिख्टर होता. विसाव्या शतकातला एवढा थोर पियानोवादक, आणि म्हणे साथीला!

एकतर हे साफ चूक आहे. बीथोवनने असे पाच सोनाटा लिहिले: १७९६ मध्ये दोन, १८०८ मध्ये एक, १८१५ मध्ये दोन. त्याच्या आधी बहुतेक वेळा चेलोची सुरावट पूर्ण लिहिलेली असायची आणि कीबोर्डवाल्यापुढे फक्त खालच्या स्वरांची ओळ नि आकडे. बाकीचं त्याने आपल्या अकलेने भरायचं. बीथोवनने पियानोचा स्वर न् स्वर लिहून काढला. पहिले दोन छापले तेव्हा शीर्षकात कीबोर्ड आधी, चेलो नंतर! आणि हा ए मेजरवाला? सुरुवात चेलो एकटा करतो, पियानो ते वाक्य पुरं करतो. लगेच अदलाबदल. तेच वाक्य पियानो सुरू करतो, चेलो पुरं करतो. यात कोण कोणाच्या साथीला, सांगा बघू.

मित्र हुशार. म्हणाला, "बरं बाबा. पण आपल्याकडे पेटी साथीलाच असते ना?"

असते. पेटीवाल्यापुढे लिहिलेला कागद नसतो, तो गवयाच्या मागून जातो. पण म्हणून तो दुय्यम कसा? गवई पुढे काय घेणार हे त्या गवयालाही कधीकधी ठाऊक नसतं. ते ऐकून, ओळखून, क्षणात पेटीवर उतरवायचं, आणि वर त्याच्या पुढेही जायचं नाही! आपण रिअल टाइम सिस्टिमच्या गप्पा मारतो, ही तर खरी रिअल टाइम. आमच्या जालन्याशी नातं असलेले अप्पा जळगावकर आयुष्यभर हेच करत राहिले. आणि याच पेटीला आकाशवाणीने १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं होतं.

मी इतका का चिडतो? मी घनसावंगीचा. आमच्याकडे सप्ताहाच्या पत्रिकेवर कीर्तनकारांचे फोटो असतात, आणि पेटीवाल्याचं नाव सगळ्यात खाली, बारीक टायपात. माझे मामा त्या बारीक टायपातले. कीर्तनकाराला पाकीट, मामांना टॉवेल-टोपी नि नारळ. मामांची तक्रार कधीच नव्हती. तक्रार माझी आहे.

कीर्तनकाराचा मान कमी करा असं मी म्हणत नाहीये. एवढंच म्हणतोय की "साथ" हा शब्द कामाचं वर्णन म्हणून वापरा, पायरी म्हणून नको. टाइप एकाच आकाराचा ठेवा. पाकीट दोघांनाही द्या. आणि सोनाटा ऐकताना दुसरं नावही विचारा.

असो. मित्राने शेवटी रिख्टरचं नाव लिहून घेतलं. बिल्ड मात्र फेल गेला.