आधी करडा की आधी रंग?

डिजिटल चित्रकला शिकू पाहणाऱ्या नवख्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एक उपदेश हमखास ऐकायला मिळतो : रंगांच्या वाटेला जाऊ नकोस, सहा महिने फक्त काळ्या-पांढऱ्यात काम कर, करडे जमले की रंग आपोआप जमतील. हा उपदेश मीही ऐकला आणि प्रामाणिकपणे पाळला. त्याचे काय झाले ते आधी सांगते आणि मग माझे मत मांडते. मी काही कलाशाळेची विद्यार्थिनी नव्हे. माझे विषय मराठी आणि इतिहास. तेव्हा जाणकारांनी चूक असेल तेथे कान धरावा.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. चित्रकलेचे शिक्षण म्हणाल तर शाळेत दिलेली एलिमेंटरीची परीक्षा, एवढेच. बारावीनंतरच्या सुट्टीत झेरॉक्सच्या दुकानात काम केले, त्या पैशांतून पेन-टॅब्लेट घेतला. लॅपटॉप मामाने वापरून झालेला दिला. 'कृता' हे सॉफ्टवेअर फुकट मिळते, त्यामुळे तो प्रश्न मिटला. मग तीन महिने मी चेंडू, ठोकळे, मडकी आणि कांदे करड्या रंगात काढले. हात बसला, याबद्दल वाद नाही. शेवटी धीर करून ओसरीवर गोधडी शिवत बसलेल्या आईचे चित्र काढले. तीन दिवस खपून ते करड्यात पूर्ण केले. मग वर एक नवा लेअर घेतला, त्याला 'कलर' हा मोड दिला आणि चेहऱ्यावर तपकिरी रंग फिरवला. आईने पाहिले आणि म्हणाली, "चांगलं काढलंस गं. पर मला ह्यात काय झालंय? आजारी हाय का मी?"

चेहरा खरोखरच राखेचा दिसत होता. त्यानंतर पंधरा दिवस मी पेनला हात लावला नाही.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे न्यायाने मांडले पाहिजे. रंग लावताना एकाच वेळी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात : रंग कोणता, तो किती भडक आणि तो किती उजळ. यांतली तिसरी गोष्ट, म्हणजे फिका-गडदपणा, सर्वांत महत्त्वाची. वस्तूची गोलाई, उजेडाची दिशा, जवळचे-लांबचे हे सारे आपल्याला मुख्यतः तिच्यामुळे कळते. म्हणून नवख्याने आधी तेवढी एकच गोष्ट शिकावी, असा हा विचार. तो पोरकट नाही. युरोपातल्या जुन्या चित्रकारांत आधी एकरंगी चित्र तयार करून त्यावर रंग चढवण्याची रीत होती. लिओनार्दोने १४८१ मध्ये हाती घेतलेले आणि अपुरे राहिलेले 'मॅजाईंची वंदना' हे चित्र फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात आहे. त्यात ही तपकिरी पायरी उघडी दिसते. मुंबईत १८५७ साली सर जे. जे. कलाशाळा सुरू झाली आणि पाश्चात्त्य धर्तीचे कलाशिक्षण आपल्याकडे रुजू लागले. त्यातही आधी रेखाटन, मग रंग असाच क्रम होता. आपल्या शाळेतले चित्रकलेचे सरही आधी पेन्सिलच हातात देतात.

पण जुनी रीत उचलताना तिचे कारणही पाहावे लागते. तैलरंगाचे पातळ, पारदर्शक थर खालच्या चित्रावर चढत, प्रकाश त्यांतून आत जाऊन परत येई, आणि त्यामुळे खालचा थर कामी येई. शिवाय अफगाणिस्तानातून येणाऱ्या लाजवर्दी दगडाचा निळा रंग फार महाग, तो चाचपडण्यात वाया घालवणे कोणाला परवडणार? संगणकावर यांतले एकही कारण उरत नाही. तेथे रंगाचा थर म्हणजे एक गणित आहे, आणि १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंग फुकट आहेत. चुकले तर पुसायला एक बटण पुरते.

त्या गणितामुळेच माझ्या आईचा चेहरा बिघडला. 'कलर' मोड खालचा फिका-गडदपणा तसाच ठेवतो आणि वरून रंग देतो. मी एकच तपकिरी सगळीकडे फिरवला होता. खऱ्या चेहऱ्यावर असे नसते. कान, नाक, गाल यांत रक्त जास्त खेळते म्हणून ते तांबूस असतात. कानाच्या पाळीमागे ऊन आले तर ती लाल पेटल्यासारखी दिसते. उघड्यावरच्या सावलीत आभाळाचा निळा उतरतो. म्हणजे सावलीत गेलेला रंग नुसता काळवंडत नाही, तो बदलतो. तीन महिने करड्यात काम करून मी मात्र हेच शिकले होते की सावली म्हणजे काळे मिसळणे. करडे आले म्हणून रंग आपोआप येत नाहीत. उलट एक चुकीची सवय पक्की होऊन बसते.

उजळपणा सर्व काही सांगतो हेही खरे नाही. क्लोद मोनेचे १८७२ मधले ले हाव्ह्र बंदरातल्या सूर्योदयाचे चित्र पाहा. ते १८७४ च्या प्रदर्शनात मांडले गेले आणि त्याच्याच नावावरून 'इम्प्रेशनिस्ट' हा शब्द निघाला. त्यातला नारिंगी सूर्य आपल्याला केवढा तेजस्वी वाटतो! पण त्या चित्राची कृष्णधवल प्रत केली तर सूर्य भोवतीच्या आभाळात जवळजवळ विरून जातो, कारण दोघांचा उजळपणा सारखाच आहे. तो सूर्य केवळ रंगावर उभा आहे. करड्यात सुरुवात करणाऱ्याला असा सूर्य सुचणार कसा?

मग फिका-गडदपणा शिकायचाच नाही का? शिकायचा, पण रंगांच्या आतच. हे मला आईच्या गोधडीने शिकवले. तिच्याकडे जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे, परकरांचे तुकडे असतात. ती ते जमिनीवर मांडते, दोन पावले मागे सरकते, डोळे बारीक करून पाहते आणि म्हणते, "ह्यो हितं बुडतोय, त्यो उठतोय." बुडणारा तुकडा उचलून दुसरीकडे लावते. उठणे-बुडणे म्हणजेच फिका-गडदपणा. तिने तो शिकण्यासाठी आधी राखाडी चिंध्यांची गोधडी शिवली नाही.

माझी सूचना साधी आहे. नवख्याने पहिल्या दिवसापासून रंगातच काम करावे, पण रंग तीन-चारच घ्यावेत : एक तांबडा, एक पिवळट, एक गडद, एक पांढरा. समोर खरी वस्तू ठेवावी. आणि दर अर्ध्या तासाने चित्र करडे करून तपासावे. करडा ही कसोटी आहे, तिच्यावर घासून पाहावे आणि परत रंगाकडे यावे. येथे एक सावधगिरी मात्र हवी. नुसता भडकपणा शून्यावर आणण्याच्या एका पद्धतीत शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा हे दोन्ही अगदी सारखे करडे होतात! प्रत्यक्षात पडद्यावरच्या पिवळ्याचा प्रकाश पांढऱ्याच्या सुमारे ९३ टक्के आणि निळ्याचा अवघा ७ टक्के असतो. म्हणून सर्वांत वर काळ्याने भरलेला लेअर ठेवून त्याला 'कलर' मोड द्यावा. तो दाबला की खरा फिका-गडदपणा दिसतो, बंद केला की रंग परत येतात. ज्या मोडने मला फसवले तोच येथे उपयोगी पडतो.

कोणी म्हणेल, हा एवढा वादाचा विषय आहे का? ज्याला गुरू आहे त्याला नसेल. त्याचे सर चौथ्या महिन्यात त्याला करड्यातून बाहेर काढतील. पण माझ्यासारखे अनेक जण लॅपटॉपसमोर एकटेच शिकतात. त्यांना 'आधी सहा महिने करडे' असे सांगितले की त्यांतले बरेच रंगापर्यंत पोचतच नाहीत. 'आपल्यात ती कला नाही' असे समजून पेन कपाटात ठेवून देतात. मीही ठेवला होता. आपल्याला अनेक गोष्टी अशाच सांगितल्या जातात : आधी व्याकरण, मग कविता, आधी पाया, मग आवड. पाया हवाच, पण आवड टिकली तरच कोणी पाया खणत बसेल ना!

दिवाळीच्या सुट्टीत मी आईचे चित्र पुन्हा काढले, या वेळी पहिल्या फटकाऱ्यापासून रंगात. हात अजून कच्चाच आहे आणि बोटे तर साफ चुकली आहेत. आईने बराच वेळ पाहिले आणि गोधडीतल्या एका हिरव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो बुडतोय बघ." मी काळा लेअर दाबून पाहिला. तिचे बरोबर होते.