‘पैले बीए होने दो, बाद में देखेंगे’

माझ्याकडे दहावीपर्यंत उर्दू आणि मराठी शिकलेली एक मुलगी यंदा बारावी झाली. तिला वकील व्हायचं आहे. वडिलांचा फळांचा गाडा. परवा तिला घेऊन घरी आले आणि म्हणाले, “मॅडम, पैले बीए होने दो, बाद में देखेंगे. बीए के बाद भी वकीली होती ना?”

होते. त्यांचं चुकलेलं नाही. बारावीनंतर थेट पाच वर्षांचं बीए-एलएलबी करता येतं, किंवा आधी कुठलीही पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएलबी. एक रस्ता पाच वर्षांचा, दुसरा सहा. शेवटी मिळणारी सनद एकच, तिच्यावर कोण कुठल्या रस्त्याने आलं ते लिहिलेलं नसतं. पाच वर्षांवाले जास्त हुशार, हा समज तर सोडूनच द्या.

माझं भांडण त्या ‘बाद में’शी आहे. माझं बीए झालं तेव्हा मलाही कायदाच करायचा होता. निकाल लागला त्याच महिन्यात स्थळ आलं. सासरी बीएड चाललं, कारण शाळेतली बाई संध्याकाळी घरी असते. कोर्टातली बाई कधी येईल याचा भरवसा नाही, म्हणून एलएलबी चाललं नाही. शिकवणं मला आवडतं, तक्रार नाही. पण ‘बीएनंतर बघू’ म्हणून गेलेल्या माझ्या विद्यार्थिनींपैकी वकील किती झाल्या, ते बोटांवर मोजायला बसले तर मूठ उघडावीच लागली नाही.

स्टाफरूममध्ये एका सरांनी मला अडवलं. म्हणाले, “पाच वर्षांच्या कोर्समध्ये तिसऱ्या वर्षी शिक्षण सुटलं तर पोरीच्या हातात काय? निदान बीए तरी असू द्या.” मुद्दा खरा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांप्रमाणे या जोडपदवीतून अर्ध्यात एक पदवी घेऊन बाहेर पडता येत नाही. पाच वर्षं पुरी करा, नाहीतर पदवी नाही.

मी म्हणते, आमच्या मुलींसाठी तेच तर चांगलं आहे! बीए हे आमच्या मोहल्ल्यातलं असं स्टेशन आहे, जिथे मुलीला उतरवून घ्यायला माणसं आधीच उभी असतात. “ग्रॅज्युएट लडकी” म्हणून बायोडाटा तयार होतो. जोडपदवीत तिसऱ्या वर्षी सांगायला काहीच नसतं. मग तोच बाप स्थळ घेऊन आलेल्याला सांगतो, “दो साल और हैं, अधूरा कैसे छोडेंगे?” ही वाक्यं मी बीएससी नर्सिंगच्या आणि बीयूएमएसच्या मुलींच्या घरी ऐकली आहेत. बीएच्या मुलीच्या घरी कधीच नाही.

कुणी मला न्यायमूर्ती फातिमा बीवींचं उदाहरण देतं. १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात बसलेली पहिली स्त्री. त्यांनी आधी बीएससी केली, मग कायदा. बरोबर. पण बीएससीनंतर कायद्याला जा, असा आग्रह धरणारे त्यांचे वडीलच होते. असे वडील असतील तर सहा वर्षांचा रस्ताही खुशाल धरा.

पैशांचं म्हणाल तर जुलै २०२४ पासून राज्य सरकारने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली आहे. बागवान, पिंजारी ओबीसीत येतात. दाखले काढायला मात्र वेळेवर जावं लागतं, आणि आपली गाडी नेमकी तिथेच पंक्चर होते.

शाहबानो १९८५, शायराबानो २०१७. दोन्ही वेळा आमच्या घरातल्या बायकांबद्दल टीव्हीवर, सभांत, मिंबरवरून बोलणारे ढीगभर होते. आमच्या तालुक्याच्या कोर्टात मात्र आजही खुल्याचे, पोटगीचे कागद घेऊन गेलेल्या बाईला आपल्या बोलीत तिचं दुखणं ऐकून घेईल अशी वकीलबाई सापडत नाही. आणि जिला ते व्हायचंय तिला आपण सांगतो, नंतर बघू.

तीन वर्षांच्या एलएलबीला मी नावं ठेवत नाही. ज्यांचं बीए होऊन गेलंय, लग्न झालंय, मुलं शाळेत जाऊ लागलीत, त्यांच्यासाठी तो दरवाजा आहे, आणि आपल्या राज्याच्या सीईटीला वयाची वरची मर्यादा नाही. माझा मुलगा लगेच म्हणाला, “मग अम्मी, तू कर की!” अरे बाबा, त्याला ७० टक्के हजेरी लागते, आणि माझी हजेरी शाळेच्या मस्टरवर लागते. ज्या मुलीला कायद्याची खात्रीच नाही, तिलाही मी पाच वर्षांत अडकवणार नाही.

या मुलीला मात्र खात्री आहे. तिचे वडील जुम्म्यानंतर पुन्हा येणार आहेत. मी त्यांच्यासमोर कॅलेंडर ठेवणार आहे आणि विचारणार आहे, “भाईजान, ‘बाद में’ म्हणजे कधी? तारीख दाखवा.”