भाड्याच्या पैशात कोणाकोणाचा हिस्सा?

नांदुऱ्याच्या आमच्या घरात रस्त्याच्या बाजूला दोन खोल्या आहेत. अब्बांनी त्या बांधल्या तेव्हा म्हणाले होते, "माझ्या मागे तुमच्या अम्मीला कोणापुढे हात पसरावा लागू नये." अब्बांचा इंतकाल झाला आणि खोल्यांचा कारभार आमच्याकडे आला. दर दोन वर्षांनी रंग मारायचा आणि महिन्याच्या पाच तारखेला भाडे घ्यायचे, एवढ्यालाच आम्ही कारभार समजत होतो.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये भाडेकरूंच्या सहा वर्षांच्या मुलीला कूलरचा झटका बसला. तिच्या आईने लाकडी पाटाने तिला बाजूला ढकलले. अल्लाहच्या कृपेने मुलगी वाचली. बोर्ड उघडला तेव्हा कळले की खोलीला अर्थिंगच नाही. सॉकेट तीन पिनचे होते, पण तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. भिंतीचा रंग मात्र नवा होता.

त्या दिवशी आम्हाला समजले की भाड्याचे पैसे हातात पडले तरी ते सगळे आपले नसतात. त्यात इतरांचे हक्क असतात. आपल्या जिल्ह्यात खामगाव असो, चिखली असो की मेहकर, अनेक घरांचा खर्च अशा एक-दोन खोल्यांवर चालतो. म्हणून हे हक्क एकेक करून सांगतो.

राहणाऱ्याच्या जिवाचा हक्क

खोली देण्याआधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. मेन स्विचजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. करंट गळू लागला की हा स्विच क्षणात वीज तोडतो. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. स्विच पडला नाही तर तो बदलावा. कूलरसाठी वेगळे, चांगल्या अर्थिंगचे सॉकेट द्या. कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा, हे भाडेकरूंच्या घरातल्या बायका-मुलांनाही सांगा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो, म्हणून हे काम मार्च लागण्याआधी झालेले बरे.

भिंतीचा हक्क

पूर्णा नदीच्या काठचा नांदुरा, शेगाव, मलकापूर, जळगाव जामोद, संग्रामपूरकडचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. इथे जमिनीखालचे पाणी खारट आहे. पायातली ओल भिंतीत वर चढते, पाणी वाळते आणि क्षार मागे राहतात. ते रंगाच्या आत फुगतात आणि पोपडे पाडतात. आम्ही अशा भिंतीवर ऑईल पेंट मारला होता. ओल आत कोंडली आणि आधी गुडघ्याइतका असलेला डाग कमरेपर्यंत गेला.

आधी ओल कुठून येते ते शोधा: न्हाणीघराचा गळका पाइप, भिंतीला लागून वाहणारी नाली, की बाहेर साचलेली माती? गावात रस्ता दर वेळी उंच होतो आणि आपले जोते खाली जाते. भिंतीलगत दोन-तीन फुटांचा, बाहेर उतार असलेला कोबा केला तर पाणी पायात मुरत नाही. काळ्या मातीवरच्या घराला तर हा कोबा हवाच, कारण ती माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भिंतीला तडे जातात.

मग डागाच्या वर साधारण एक फुटापर्यंतचा गिलावा काढा. भिंत पूर्ण वाळू द्या. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका. धुतले की ते पुन्हा आत जातात. नवा गिलावा गोड्या पाण्यातच कालवा आणि किमान सात दिवस गोडे पाणीच मारा. बोअरचे खारे पाणी स्लॅबला तर मुळीच वापरू नका. त्याने आतली सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांत स्लॅबचे तुकडे पडू लागतात. गोड्या पाण्याचा टँकर महाग वाटतो, पण तेच काम दोनदा करण्यापेक्षा स्वस्त पडतो. शेवटी अशा भिंतीला चुनाच द्यावा. चुन्यातून ओल बाहेर पडू शकते.

कामाचा क्रम असा ठेवा: आधी छत, मग नाली आणि संडास-न्हाणीघर, मग भिंत आणि वीज, सगळ्यात शेवटी रंग. पत्र्याचे छत असेल तर मृगाच्या आत हूक आणि वॉशर बदलून घ्या.

कराराचा हक्क

"ओळखीचे आहेत, कागद कशाला?" असे आम्हीही म्हणायचो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे असल्याचे आपल्याला सिद्ध करावे लागते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. अकरा महिन्यांचा करार असला की नोंदणी नको, हा समज चुकीचा आहे. नोटरी केली म्हणजेही नोंदणी झाली असे होत नाही. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी आता ऑनलाइन होते. नोंदणी फी शहरात एक हजार आणि खेड्यात पाचशे रुपये आहे. मुद्रांक शुल्क वेगळे.

डिपॉझिट ही अमानत आहे. ती घरखर्चात मिसळू नका. किल्ली देताना पंखे, नळ, दारे, मीटरचे रीडिंग यांची यादी करून दोघांनी सही करा, म्हणजे खोली सुटताना कटकट होत नाही. भाड्याची पावती दर महिन्याला द्या. तो भाडेकरूचा हक्क आहे. त्याने दुरुस्तीची लेखी नोटीस दिली आणि आपण पंधरा दिवसांत काही केले नाही, तर करारात वेगळे ठरले नसल्यास तो स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत ही मुभा कायद्यातच आहे. भाडे थकले म्हणून पाणी किंवा वीज तोडणे मात्र गुन्हा आहे.

वारसांचा हक्क

हा हक्क सगळ्यात सहज विसरला जातो. वडील गेल्यावर घर एकत्र राहते, भाडे भाऊ घेतो, आणि बहिणी सासरी असतात म्हणून कोणी विचारत नाही. घरात त्यांचा हिस्सा आहे, तर भाड्यातही आहे.

आमचाच हिशेब सांगतो. भाडे चार हजार. त्यातले आठशे दुरुस्ती आणि घरपट्टीसाठी बाजूला काढले, राहिले बत्तीसशे. वारस म्हणजे अम्मी, आम्ही एक भाऊ आणि दोन बहिणी. अम्मीचा आठवा हिस्सा चारशे. उरलेल्या अठ्ठावीसशेत आमचे चौदाशे आणि बहिणींचे सातशे-सातशे. तुमच्या घरात वारस वेगळे असतील तर हिस्से बदलतील. ते जाणत्या आलिमांकडून काढून घ्या. भाडेकरार करण्याआधी सगळ्या वारसांची लेखी संमतीही घ्या.

इतकी वर्षे आम्ही सगळे भाडे अम्मीच्या हातात देत होतो आणि त्यातच समाधान मानत होतो. बहिणींना कधी विचारलेच नव्हते. पहिल्यांदा हिशेबाची वही घेऊन गेलो तेव्हा आपा म्हणाली, "माझे सातशे अम्मीलाच दे." पैसे पूर्वीसारखे अम्मीकडेच गेले, पण आता ते आपाने दिलेले आहेत, आम्ही परस्पर ठरवलेले नाहीत.