अर्धा गुण

माझी पदवी मराठीची. पण शाळेत शास्त्राला शिक्षक कमी, म्हणून सातवीचं शास्त्र माझ्या गळ्यात पडलं ते निवृत्तीपर्यंत. पचनसंस्थेची आकृती फळ्यावर किती वेळा काढली असेन, देव जाणे. नियम कडक! टोकदार पेन्सिल, पट्टीने मारलेल्या रेषा, नावं उजवीकडे एकाखाली एक. मुलं ती यादीच पाठ करत, अवयव राहायचे बाजूला.

एका मुलाने 'लहान आतडे' हे शब्द आतड्याच्या वेटोळ्यांतूनच वळवत वळवत लिहिले होते, 'यकृत' यकृतातच. मी अर्धा गुण कापला. "बाई, पण कळतंय ना?" तो म्हणाला. मी म्हटलं, परीक्षेत चालत नाही.

पुढे ६८व्या वर्षी माझ्या उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, ते यकृताखाली असतं. मी विचारलं, "पण यकृत डावीकडे ना?" कागदावर ते डावीकडेच असतं! समोरच्याचं उजवं ते आपलं डावं, हे मुलांना सांगितलंही असेल, पण स्वतःच्या पोटावर हात ठेवून कधी पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठीमागे भराभर चित्र काढलं, नावं अवयवांवरच लिहिली. दोन मिनिटांत समजलं.

परवा 'ग्रेज अ‍ॅनॅटमी'विषयी वाचत होते. १८५८ साली लंडनमध्ये निघालेल्या या पुस्तकाची चित्रं हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांची. तोवर बऱ्याच पुस्तकांत अवयवावर नुसतं अक्षर आणि त्याचा अर्थ तळाशी शोधायचा. कार्टरनी नावं थेट हाडावर, धमनीच्या अंगाअंगाने लिहिली. हेच कार्टर त्याच वर्षी मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवू लागले. माझ्या वर्गात असते तर त्यांचाही अर्धा गुण गेला असता.

हल्ली मोबाइलवर अवयव गोल फिरवून दाखवतात. छान आहे. पण काढायला बसलं की पित्ताची नळी नक्की कुठे जाऊन मिळते हे आपल्यालाच ठरवावं लागतं, तिथे थाप चालत नाही. म्हणून मुलांनी काढावंच. मात्र आधी हात पोटावर, मग पेन्सिल कागदावर. नाव जिथे समजेल तिथे लिहू द्यावं, पट्टी परीक्षेपुरती.

नात यंदा सातवीत आहे. काल आम्ही दोघींनी तिच्या जुन्या टी-शर्टवर स्केचपेनने पचनसंस्था काढली. तिने तो अंगात घातला आणि यकृत बरोबर उजवीकडे गेलं. सुनेने कपाळाला हात लावला.